स्लीव्हनंतरचे सहा महिने: ताकदीच्या व्यायामाच्या प्रकल्प नोंदी

या नोंदी एका प्रशिक्षणार्थी बाईंच्या आहेत, त्यांच्या परवानगीने. नाव देत नाही, पुढे सगळीकडे 'ताई'. वय ४४, उंची १५८ सेंमी, २४ मे २०२४ ला दुर्बिणीतून स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (जठराचा मोठा भाग काढून नळीसारखं अरुंद पोट ठेवायची, वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया). शस्त्रक्रियेच्या दिवशी वजन ११२ किलो. रक्तदाबाची आणि थायरॉइडची गोळी आधीपासून, मधुमेह नाही, दोन्ही गुडघे कुरकुरणारे.

वजन उतरवणं हे या कामाचं उद्दिष्ट नाही, ते काम शस्त्रक्रिया करतेच. उद्दिष्ट आहे स्नायू राखणं. उतरणाऱ्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबी सोडून इतर ऊतींचा असतो, त्यात स्नायू मोठे, आणि त्यातलं बहुतेक नुकसान पहिल्या तीन-सहा महिन्यांत होऊन जातं. 'आधी बारीक होते, मग जिम लावते' हा बेत म्हणून उशिराचा.

२२ जून २०२४, शनिवार (आठवडा ४)

व्यायाम अजून सुरू नाही. टाके बाहेरून भरलेले दिसतात, पण दुर्बिणीच्या छिद्रांखालचा पोटाचा पडदा इतक्यात पक्का होत नाही, आणि तिथे हर्निया झाला तर पुन्हा टेबलावर जावं लागतं. त्यांच्या सर्जननी सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलू नका असं सांगितलंय. पाच किलो म्हणजे घरात काय, हे लिहून फ्रिजवर लावलं: पाच लिटर तेलाचा कॅन चालेल (साडेचार किलोच्या आसपास). भरलेली बादली नाही (१५ लिटरची म्हणजे १५ किलो). धुतलेल्या कपड्यांचं ओलं पिळं भरलेली बालदी नाही. सिलिंडरला हात लावायचा नाही, भरलेला जवळजवळ ३० किलो भरतो. 'जड उचलू नका' एवढंच सांगितलं की लोक जिमचं वजन टाळतात आणि बादली उचलतात.

चालणं पहिल्या दिवसापासून चालू आहे, आता दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं. ते पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. स्नायू राखायला ते पुरत नाही.

आजची मोजमापं:
वजन १०२.४ किलो.
खुर्चीतून पाच वेळा उठ-बस: १७.२ सेकंद. आशियाई निकषात १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर कमकुवत धरतात.
पकड, उजवा हात: १९ किलो. बायकांसाठी सीमा १८, त्याखाली कमकुवत.

खुर्चीची चाचणी घरी करायची तर खुर्ची भिंतीला टेकवा, बैठक ४३ ते ४५ सेंमी, हात छातीवर घडी घालून. हात मांडीवर ठेवले की दोन-तीन सेकंद फुकटचे मिळतात आणि सहा महिन्यांनी तुलना फसते. पकड मोजायचं यंत्र साधारण २,४०० रुपयांना आलं. नसलं तरी अडत नाही, खुर्ची पुरते.

६ जुलै, शनिवार (आठवडा ६)

सर्जनचा होकार लेखी घेतला. तोंडी 'करा की व्यायाम' याचा अर्थ प्रत्येकजण आपापला लावतो. कागदावर तीन ओळी मागितल्या: किती वजनापासून, पोटाचे व्यायाम कधी, कोणती गोळी बदलली. उत्तर: हलक्यापासून वाढवत जा, क्रंचेस बारा आठवड्यांनंतर, गोळ्या आहेत तशा.

पहिलं सत्र, २५ मिनिटं:

उठ-बस: खुर्चीवर घट्ट उशी ठेवून बैठक ५० सेंमी केली. २ सेट (फेऱ्या), प्रत्येकी ६ रेप्स (आवर्तनं).
भिंतीवर पुश-अप: २ × ८.
रबरी बँड ओढणं, बसून, पायात अडकवून: २ × ८.
टाचा उचलणं, ओट्याला धरून: २ × १०.
काठी पाठीला लावून कंबरेतून वाकणं: १ × ८, वजनाशिवाय.

काठीचा व्यायाम बारकाईने देतो, कारण पुढचं निम्मं काम यावर उभं आहे. मोपाची काठी पाठीवर उभी. ती तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधली जागा, माकडहाड. कंबरेच्या खळग्यात तळहात जेमतेम सरकेल एवढी फट. गुडघे किंचित सैल, कुल्ले मागच्या भिंतीकडे ढकलायचे. माकडहाडाकडचं टोक सुटलं की पाठ गोल झाली, तिथेच थांबायचं. ताईंची काठी पहिल्यांदा अर्ध्या वाकण्यातच सुटली. वर्षानुवर्षं पोट पुढे असल्यामुळे वाकणं म्हणजे पाठ वाकवणं, अशी अंगाला सवय लागलेली. पोट कमी झालं म्हणून ती सवय आपोआप जात नाही.

श्वास: जोर लावताना बाहेर. दम कोंडून धरू नये, पोटातला दाब वाढतो.

दोन सेटमध्ये दीड ते दोन मिनिटं बसायचं. ताईंना ते 'वेळ वाया' वाटलं. घाम आला नाही म्हणजे व्यायाम झाला नाही हा समज पुढे सहा महिने त्रास देणार हे आजच दिसलं.

१७ जुलै, बुधवार, आषाढी (आठवडा ७)

सत्र अर्धवट सोडलं. सकाळी सहाला, उपाशीपोटी. तिसऱ्या उठ-बशीला डोळ्यांपुढे अंधारी. खुर्ची मागेच होती म्हणून पडल्या नाहीत.

रक्तदाब बसून १०४/६६, उभं राहून मिनिटभराने ८८/५८. कारणं दोन, आणि दोन्ही व्यायामाबाहेरची. रात्री आठपासून सकाळी सहापर्यंत पाणी जवळजवळ नाही. आणि टेल्मिसार्टनचा (रक्तदाबाच्या गोळीचा) डोस ११२ किलोच्या वेळचाच. वजन उतरतं तसा दाबही उतरतो, गोळी मात्र तेवढीच राहते. त्याच दिवशी फिजिशियनना आकडे पाठवले, डोस निम्मा झाला. ज्यांना मधुमेह आहे आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी हे आणखी मनावर घ्यावं, तिथे अंधारी साखर उतरल्याची असू शकते. व्यायामाआधी बोटावर साखर बघायची.

वेळ बदलून संध्याकाळी साडेपाच केली. त्याआधीच्या दोन तासांत ३०० ते ४०० मिली पाणी घोट-घोट. स्लीव्हनंतर ग्लासभर पाणी एकदम पिता येत नाही, त्यामुळे तहान लागल्यावर भरपाई होत नाही. पाणी आधीच आत असावं लागतं. सत्रात दर सेटनंतर एक-दोन घोट. उकाडा असेल तर ओआरएस, पण पाकिटावर वाचून: काही पाकिटं एक लिटरची, काही २०० मिलीची. एक लिटरच्या प्रमाणित पाकिटात साखर १३.५ ग्रॅम, म्हणजे फार नाही. खोक्यातली तयार गोड पेयं ही निराळी चीज, ती नकोत. पोटाचं (गॅस्ट्रिक) बायपास झालेल्यांना तर त्याने डंपिंग होतं: दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा.

उपासाचं: चार-पाच चमचे साबुदाण्याची खिचडी खाल्ली, ती दगडासारखी बसली आणि दिवसभराची प्रथिनं २२ ग्रॅमवर थांबली. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, आणि इवल्या पोटात त्याने अडवलेली जागा दिवसभर परत मिळत नाही. श्रावण तोंडावर आहे, तेव्हा उपासाचा तक्ता आत्ताच ठरवला: चक्का, पनीर, ताक, पाण्यात कालवलेली साधी व्हे (दुधातल्या प्रथिनांची) पावडर. हे सगळं उपासाला चालतं, घरातल्या थोरल्यांनाही पटलं. साबुदाणा प्रसादापुरता, एक चमचा.

२९ जुलै, सोमवार (आठवडा ९)

बँडने वेळ खाल्ला. पाच रंगांचा संच ७०० रुपयांचा. अडचणी:

एक, रंगाला अर्थ नाही. एका कंपनीचा लाल दुसऱ्या कंपनीच्या हिरव्याएवढा. दोन, बँड सुरुवातीला सैल आणि शेवटी ताठ, त्यामुळे 'आज किती ओढलं' हे वहीत लिहिता येत नाही. जे लिहिता येत नाही ते वाढवताही येत नाही. तीन, गॅलरीत वाळत टाकला होता, उन्हाने बारीक चिरा पडल्या. रबरी बँड वापरण्याआधी ताणून उजेडात बघायचा, चीर दिसली की कचऱ्यात.

चार, दार. बँडची गाठ दाराच्या मुठीला बांधली होती, मूठ फिरली आणि बँड सुटून मनगटावर बसला. चेहऱ्याच्या रेषेत असता तर डोळा होता. दाराची योग्य बाजू ही: आपल्यापासून पलीकडे उघडणारं दार निवडा, म्हणजे ओढल्यावर ते चौकटीवरच घट्ट बसतं. अडकवायचं बिजागरीच्या बाजूला, मुठीच्या नाही. आतून कडी.

दुसऱ्या अडचणीवर उपाय ३०० रुपयांत मिळाला: प्रवासी बॅगा मोजायचा लटकता डिजिटल काटा. बँड आणि दार यांच्यामध्ये अडकवून शेवटच्या बिंदूला ताण वाचायचा. लाल बँड, दारापासून दीड मीटर: ६.४ किलो. जमिनीवर टेप लावून पायाची जागा पक्की केली. आता वहीत आकडा आहे.

१० ऑगस्ट, शनिवार (आठवडा ११)

उठ-बस ३ × १० साध्या खुर्चीवर जमते. पुढे वजन घ्यायचं. पीव्हीसीचे डंबेल घरात होते, आत सिमेंट भरलेले फुगीर गोळे. अडीच किलो सोपं, पाच किलोचं इतकं जाडजूड की मांडीला आणि पोटाच्या घडीला घासतं. आणि अडीचवरून पाच म्हणजे थेट दुप्पट. इतकी मोठी पायरी चढता येत नाही, म्हणून लोक महिनोन् महिने अडीच किलोवरच रेंगाळतात.

त्यावर मिठाची पाकिटं. प्रत्येक बरोबर एक किलो. शाळेची सॅक छातीवर उलटी घालून त्यात पाकिटं: ३ किलोपासून सुरुवात, तिन्ही सेट १० पर्यंत गेले की एक पाकीट वाढवायचं. सॅकचा पट्टा कमरेला नाही बांधायचा, पोट दाबलं की आंबट पाणी वर येतं. पाकिटं जाड पिशवीत घालून टेपने गुंडाळावी, नाहीतर पावसाळी हवेत मीठ पाझरतं.

वजन किती घ्यायचं याची खूण: सेट संपताना आणखी दोन रेप्स निघाल्या असत्या असं वाटलं पाहिजे. पाच निघाल्या असत्या तर हलकं, एकही नाही तर जड.

प्रथिनांचा खरा हिशेब आज मांडला. लक्ष्य ७५ ग्रॅम. सर्वसाधारण शिफारस दिवसाला ६० ते ८०, किंवा आदर्श वजनाच्या दर किलोला १ ते १.५ ग्रॅम. ताईंच्या उंचीला आदर्श वजन ६२ धरलं. प्रत्यक्षात मिळत होते चाळिशीच्या आतबाहेर. फरक कुठे पडत होता ते वजन करून पाहिल्यावर कळलं: वाटीभर पातळ वरणात जेमतेम चार-पाच ग्रॅम. 'डाळ खाते ना मी' यात पाणी किती ते कोणी मोजत नाही.

नवा दिवस असा:
७.३० – व्हे आयसोलेट एक माप, २०० मिली पाण्यात, अर्धा तास लावून: २५
१०.३० – एक अंडं आणि दोन पांढरे: १३
१.३० – पनीर ५० ग्रॅम, मग अर्धी वाटी घट्ट वरण, मग जागा उरली तर भाकरीचा चतकोर: १३
४.३० – चक्का १०० ग्रॅम: ९
८.०० – शिजवलेलं चिकन किंवा बांगडा, ५०-६० ग्रॅम: १३
एकूण ७३.

श्रावणात अंडी-मासे बंद. तिथे सोया वड्या: २० ग्रॅम कोरड्या म्हणजे १० ग्रॅम प्रथिनं. अख्ख्या वड्या घशाखाली अडकल्या आणि उलटी झाली. उकडून, पिळून, मिक्सरला फिरवून खिम्यासारख्या केल्या तेव्हा गेल्या. ताटात क्रम महत्त्वाचा: प्रथिनं आधी, भाजी नंतर, भात-भाकरी शेवटी. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही.

घरात आधीच आणलेला एक डबा परत करावा लागला. वर 'प्रोटीन' मोठ्या अक्षरात, मागे वाचलं तर तो मास गेनर: प्रथिनांच्या तिप्पट-चौपट कर्बोदकं. डब्याची पुढची बाजू वाचू नये, मागचा 'प्रति १०० ग्रॅम' रकाना वाचावा. ७५ च्या खाली प्रथिनं असतील तर या कामाचा नाही. किलोभर आयसोलेट साधारण तीन हजारांना, महिना-सव्वा महिना पुरतं. या प्रकल्पातला सगळ्यात मोठा चालू खर्च हाच.

२६ ऑगस्ट, सोमवार (आठवडा १३)

तीन महिन्यांच्या रक्त तपासण्या आल्या. गेले काही दिवस सॅक ६ किलोवर अडकली होती. पाय नव्हते थकत, तिसऱ्या सेटला धाप लागत होती. हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तळाला, ड जीवनसत्त्व २४. म्हणजे अडथळा रक्तात होता. अशा वेळी 'जरा जोर लावा' म्हणून रेटण्यात अर्थ नाही. सर्जननी लोहाचा डोस वाढवला, चार आठवडे सॅकचं वजन जिथल्या तिथे ठेवायचं.

गोळ्या चालू असूनही लोह का कमी? डबी पाहिली: लोह आणि कॅल्शियम एकत्र, वर सकाळचा चहा. कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही, चहाही नाही. थायरॉइडची गोळी या दोघांपासून चार तास लांब लागते. रोजचा तक्ता नव्याने बसवला:

६.०० थायरॉइड, साध्या पाण्याबरोबर
१०.३० कॅल्शियम सायट्रेट ५०० मिग्रॅ
१.०० लोह आणि मल्टिव्हिटॅमिन, लिंबाच्या दोन-चार थेंबांच्या पाण्याबरोबर
४.३० कॅल्शियम ५००
८.३० कॅल्शियम ५००

कॅल्शियम एकदम दीड हजार घेऊन उपयोग नाही, एका वेळी पाचशे-सहाशेच्या वर अंगी लागत नाही. दुकानदार कार्बोनेट देतो कारण ते स्वस्त आणि जास्त खपतं. त्याला पोटातलं आम्ल लागतं, ते इथे कमी. चिठ्ठीवर 'सायट्रेट' अधोरेखित करून न्या. बी-१२ चं इंजेक्शन महिन्याला, १००० मायक्रोग्रॅम.

या काळात केस मूठभर गळतात, बहुतेकांचे तीन ते सहा महिन्यांत. व्यायामाने गळतात म्हणून व्यायाम सोडणारे पुष्कळ. व्यायामाचा संबंध नाही. शस्त्रक्रियेचा धक्का आणि झपाट्याने उतरलेलं वजन, त्यात लोह-प्रथिनं कमी पडली तर भर.

आणि एक, जे थांबवून सांगायला हवं: सतत उलट्या होत असतील तर सत्र बंद. पायांची आग, चालताना झोक जाणं, दुहेरी दिसणं यातलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) संपल्याची ती लक्षणं असू शकतात आणि तिथे उशीर भरून निघत नाही.

९ सप्टेंबर, सोमवार (आठवडा १५)

गणपतीचे दिवस, पाहुणे, सत्रं आठवड्यात एकच. दीड दिवसाचा गणपती काल गेला. एका सत्रात पाय, ओढणं, ढकलणं यांचा प्रत्येकी एक-एक व्यायाम, दोन-दोन सेट. मिळवलेलं राखायला एवढं पुरतं. मोदक अर्धा, आणि त्यानंतर तासभर ताई आडव्या. उकडीपेक्षा आतल्या गुळाचा प्रताप.

गुडघा: पायरी चढण्याच्या व्यायामाला इमारतीच्या जिन्याची पायरी घेतली होती, १७ सेंमी. उजवा गुडघा वाटीपाशी दुखला. जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या टेपने बांधून १० सेंमीचा पाट केला, दुखणं गेलं. उतरताना तीन सेकंद मोजत उतरायचं, खरा व्यायाम उतरण्यात आहे. बूटही तपासा: वजन उतरल्यावर पाऊल बारीक होतं, टाच बुटात सरकते.

अंग दुखलं म्हणून ताईंनी घरातली अंगदुखीची गोळी काढली होती, घेण्याआधी विचारलं हे नशीब. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक यातलं काहीही नको. बायपासमध्ये जोडाच्या जागी व्रण होतो, स्लीव्हवाल्यांनाही बहुतेक सर्जन मनाई करतात. मिश्र गोळ्यांत यातलं एखादं लपलेलं असतं, मागचं वाचा. साधी पॅरासिटॅमॉल चालते. आणि उजव्या बरगडीखाली, जेवणानंतर येणारी कळ ही स्नायूची समजू नये. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात.

२८ सप्टेंबर, शनिवार (आठवडा १८)

हिमोग्लोबिन ११.६. उचलायचं वजन वाढवायला मोकळीक. सॅक आता पुरत नाही, जिम लावली, महिना १,५०० रुपये.

पहिल्याच दिवशी तिथल्या प्रशिक्षकाने दोन किलोचे डंबेल हातात दिले: 'मॅडमना फॅट लॉस आहे, हलकं वजन, वीस रेप्स, मध्ये थांबायचं नाही.' चरबी उतरतेच आहे. इथे उलटं पाहिजे: जड, आठ ते बारा रेप्स, मध्ये दोन मिनिटं बसणं. कागद लिहून दिला, तेव्हापासून मध्ये कोणी येत नाही.

यंत्रांबद्दल, स्लीव्हवाल्यांसाठी:

आडव्या बाकावर पाठीवर झोपून ढकलणं जमलं नाही, दुसऱ्या सेटला घशाशी आंबट. स्लीव्हनंतर हा त्रास नेहमीचा. बाक ३० अंश उभा केला, गेला. जमिनीवरचं ब्रिज (पाठीवर झोपून कुल्ले उचलणं) बंद करून खांदे बाकावर टेकवून कुल्ले उचलणं घेतलं. प्लँक (हातांवर भार घेऊन अंग ताठ धरणं) ओट्यावर किंवा बाकावर, डोकं पायांपेक्षा वर. जेवणानंतर दीड-दोन तास थांबायचं.

लेग प्रेसमध्ये (पायांनी वजन ढकलायचं यंत्र) गुडघे छातीकडे येताना पोटाची घडी मध्ये येते आणि कंबर बैठकीवरून उचलली जाते. पाठ जास्त मागे, पाय खांद्यांहून रुंद, बोटं किंचित बाहेर. कंबर सुटते त्या आधीच्या बिंदूवर थांबा. २० किलोने सुरुवात केली.

लॅट पुलडाऊनची (वरचा दांडा खाली ओढायचं यंत्र) मांडीवरची गादी दर महिन्याला खाली आणावी लागेल, मांड्या बारीक होतायत. ती सैल राहिली तर माणूस दांड्याबरोबर वर उचलला जातो.

कंबरेचा जाड पट्टा वापरू नये. आंबट पाण्याचं कारण झालंच, शिवाय सैल कातडी त्याच्या कडेला चिमटली जाते. मांडीच्या आतल्या बाजूला घासून लाल चट्टा आला होता: गुडघ्यापर्यंतची घट्ट टाइट्स आतून, सत्रानंतर घडी कोरडी पुसून झिंक ऑक्साइडचं मलम. सुती सलवार घाम धरून ठेवते. पोटाचे व्यायाम करून ती लोंबती कातडी आवळत नाही, हे ताईंना स्पष्ट सांगितलं. वाईट वाटलं, पण शंभर-शंभर क्रंचेसमध्ये घालवायचा वेळ वाचला.

१९ ऑक्टोबर, शनिवार (आठवडा २१)

काट्यावर तीन आठवडे ८७ किलो. ताईंनी न विचारता जेवण कमी केलं आणि ट्रेडमिलवर रोज पाऊण तास घातला. परिणाम वहीत लगेच दिसला: रोमेनियन डेडलिफ्ट (काठीसारखंच कंबरेतून वाकणं, हातात वजन घेऊन) दोन्ही हातांत १० किलोवर ३ × १० होती, ती ३ × ७ वर आली. वजन मध्येच थांबणं हे ठरलेलं आहे. ट्रेडमिल २० मिनिटांवर, प्रथिनं पुन्हा मोजून. डेडलिफ्ट पुढच्याच आठवड्यात जागेवर येईल असा अंदाज आहे, प्रथिनं पोचली तर.

घरातला 'स्मार्ट' काटा स्नायू ३३ टक्क्यांवरून ३६ वर गेले म्हणतो, घरात आनंद. टक्के किलोत आणून बघा. १०२ चे ३३ टक्के म्हणजे ३३.७ किलो. ८७ चे ३६ टक्के म्हणजे ३१.३. स्नायू वाढले नाहीत, चरबी जास्त वेगाने गेली एवढंच. शिवाय हे काटे अंगातल्या पाण्यावर चालतात, सकाळचा आणि सत्रानंतरचा आकडा जुळत नाही. वापरायचाच तर महिन्यातून एकदा, सकाळी, लघवीनंतर, काही न पिता.

९ नोव्हेंबर, शनिवार (आठवडा २४)

दिवाळी झाली. जिम पाच दिवस बंद होती, घरी सॅक आणि बँड काढले. चकली कुरकुरीत असल्यामुळे सहज जाते, पोट भरल्याची जाणीवच होत नाही, म्हणून ती लाडवापेक्षा घातक. डेडलिफ्ट परत ३ × १० वर.

जिमच्या एसीत ताईंना थंडी वाजते. चरबीचं पांघरूण गेलं. वॉर्म-अप पाचाऐवजी आठ मिनिटं, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट.

३० नोव्हेंबर, शनिवार (आठवडा २७)

सहा महिन्यांची मोजमापं:
वजन ८४.१ किलो.
उठ-बस पाच वेळा: ९.६ सेकंद, तीच खुर्ची.
पकड: २० किलो.

पकडीत एकच किलो वाढ पाहून ताई हिरमुसल्या. पहिल्या मोजणीपासून अठरा किलो उतरताना पकड न घसरणं हीच कमाई धरावी. ती मुळात हळू हलते.

आजची वजनं: डंबेल छातीशी धरून स्क्वॉट १२ किलो, ३ × १०. रोमेनियन डेडलिफ्ट दोन्हीकडे १२.५, ३ × ८. लेग प्रेस ६०, ३ × १०. लॅट पुलडाऊन २५, ३ × ९. तिरक्या बाकावर डंबेल ६-६ किलो, ३ × ८. दोन्ही हातांत १२.५ घेऊन ४० मीटर चालणं, तीन फेऱ्या, म्हणजे बाजारातून दोन भरलेल्या पिशव्या न थांबता घरी.

रक्त: हिमोग्लोबिन १२.२, ड ३४, बी-१२ ठीक. फेरिटिन अजून खालच्या काठावर, लोह चालू.

आतापर्यंतचा खर्च: पकडयंत्र २,४००, बँड ७००, काटा ३००, जिम दोन महिने ३,०००, व्हे साधारण १२,०००. पैसे कमी असतील तर पकडयंत्र आणि जिम वगळा, व्हे वगळू नका. अंडी, चक्का, सोया यांवर ७५ ग्रॅम सहज गाठता येत असतील तरच ती कमी करा. मीठ स्वयंपाकात संपलं.

डिसेंबरपासून आठवड्याला तीनऐवजी दोनच जड सत्रं आणि एक हलकं, कारण गुरुवारी ताईंची ऑफिसची वेळ बदलतेय. लेग प्रेस दर पंधरवड्याला अडीच किलोने. लेग प्रेसच्या उजव्या बाजूची पिन ढिली आहे, वजन लावल्यावर हलवून बघायची. पुढची रक्त तपासणी मे महिन्यात, फेरिटिन मात्र फेब्रुवारीत.